माहीत असून दिलेले काम

बलात्काराच्या किंवा पोक्सोच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला माणूस बहुतेक वेळा एक दिवस सुटतो. एवढी साधी गोष्ट, पण ती आपल्या बोलण्यात येत नाही. गुन्हा घडतो तेव्हा मोर्चा निघतो, बाजारपेठ कडकडीत बंद राहते. निकाल लागतो तेव्हा पेपरात ठळक बातमी येते. तिथून पुढे तो माणूस सगळ्यांच्या हिशेबातून निघून जातो. सात वर्षांनी, दहा वर्षांनी, कधी चौदा-सोळा वर्षांनी एका सकाळी तो अमरावतीच्या मध्यवर्ती कारागृहाच्या दाराबाहेर उभा असतो. त्यानंतर तो कुठे झोपतो, कोणाच्या हाताखाली राबतो, त्याच्या कामाच्या जागी कोणाची लेकरे खेळत असतात, हे प्रश्न कोणी कोणाला विचारत नाही. हे पुस्तक अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांपुरते ते प्रश्न विचारते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. या पानांत गुन्ह्याची सारवासारव नाही आणि क्षमेची मागणीही नाही. क्षमा करायची की नाही, हा हक्क जिच्यावर अत्याचार झाला तिचा आहे. तिने ती कधीच केली नाही तरी तिला कोणी बोल लावू नये. बलात्काराचा कायदा बदलला तोच मुळी विदर्भातल्या एका मुलीमुळे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले, त्या निकालाविरुद्ध देशभर आवाज उठला आणि त्यातून १९८३ ची दुरुस्ती आली. तेव्हा या प्रदेशात बसून या विषयावर लिहिताना त्या मुलीकडे पाठ करता येत नाही. २०१३ च्या ऑक्टोबरात राज्याने मनोधैर्य योजना सुरू केली. पीडितेचे उपचार, समुपदेशन, अर्थसाहाय्य यांसाठी ती आहे. त्या योजनेचा पैसा वेळेवर पोचत नसेल, तर आधी तिथे भांडले पाहिजे. गुन्हेगाराच्या रोजगाराचा विचार त्या भांडणाच्या आड येत असेल, तर तो बाजूला ठेवावा.

पण तो आड येत नाही. उलट, सुटलेल्या माणसाचा रोजगार हा पुढच्या मुलीच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे, आणि तो आपण तसा कधी पाहिलाच नाही, हे मला इथे मांडायचे आहे.

कारागृहाच्या आत काम असते. अमरावतीचे कारागृह १८६६ चे. तेव्हापासून कैदी आणि कष्ट ही जोडी तिथे आहे. राज्यातल्या मध्यवर्ती कारागृहांत सुतारकाम, शिवणकाम, विणकाम, शेती असे उद्योग चालतात. मोर्शीला खुले कारागृह आहे, तिथले बंदी शेतावर राबतात. सक्तमजुरीची शिक्षा असलेल्या बंद्याला कामाचा रास्त मोबदला मिळाला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये गुजरातच्या प्रकरणात सांगितले. त्याच निकालात, या मजुरीतला काही हिस्सा गुन्ह्याची झळ बसलेल्यांसाठी राखावा आणि त्यासाठी कायदा करावा, असेही सुचवले. महाराष्ट्रात २०२३ च्या वाढीनंतर कुशल बंद्याला दिवसाला ७४ रुपये आणि अकुशलाला ५३ रुपये मिळू लागले. २०२२ च्या महाराष्ट्रदिनी येरवड्यात राज्य सहकारी बँकेने ‘जिव्हाळा’ नावाची कर्जयोजना सुरू केली: बंद्याला ५० हजारांपर्यंत कर्ज, सात टक्के व्याज, फेड कारागृहातल्या मजुरीतून. मुलीची फी, म्हाताऱ्या आईचे औषधपाणी, वकिलाचे पैसे अशा गरजांना ही रक्कम कामी येते. चांगली योजना आहे. आतल्या माणसाची पत मोजायला एक बँक तयार झाली, हे लहान काम नाही.

दाराबाहेर ही पत संपते. सुटणाऱ्याच्या हातात जमा मजुरी, आत जाताना काढून घेतलेले कपडे आणि सुटकेचा कागद असतो. आधार कार्डावरचा मोबाइल नंबर केव्हाच बंद पडलेला, त्यामुळे बँकेचा ओटीपी येत नाही. रेशनकार्डावरून नाव कमी झालेले. बायको बहुधा माहेरी गेलेली किंवा तिने दुसरे घर केलेले. भाऊ एसटी स्टँडवर भेटायला येतो, हातात थोडे पैसे ठेवतो आणि म्हणतो, सध्या गावाकडे नको येऊ. भावाचेही चुकत नाही. २०२१ मध्ये देशात बलात्काराचे ३१,६७७ गुन्हे नोंदले गेले आणि त्यांपैकी ९६.५ टक्के गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा होता. ओळखीचा म्हणजे शेजारी, नातेवाईक, त्याच वस्तीतला, तिच्या बापासोबत शेतावर जाणारा. गावी परतणे म्हणजे तिच्या दारासमोरून रोज ये-जा करणे. सुटकेची बातमी तिच्या घरी पोचते तीही बहुधा गावातल्या कोणाच्या तरी तोंडून, आणि त्या रात्री त्या घरात कोणाला झोप लागत नाही. पुनर्वसनाचा पहिला कागद म्हणूनच गावाचा नकाशा असायला हवा: ती कुठे राहते, कोणत्या शाळेत जाते, कोणत्या थांब्यावर एसटी पकडते, आणि हा कुठे राहिला तर दोघांची वाट एक होणार नाही.

आता नोकरीचे बघू. सरकारी नोकरी संपली. शाळा, वसतिगृह, अंगणवाडी, स्कूल व्हॅन यांची दारे बंद, आणि ती बंदच राहिली पाहिजेत. पोक्सोच्या २०२० च्या नियमांनी, लेकरांशी नित्य संबंध येणाऱ्या संस्थांना कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी बंधनकारक केली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतली घटना उघड झाल्यावर राज्यभरच्या शाळांना कंत्राटी माणसांसकट सगळ्यांची पडताळणी करून घ्यायला पुन्हा बजावावे लागले. म्हणजे नियम कागदावर होता. नांदगाव पेठच्या किंवा अकोल्याच्या एमआयडीसीतली थोडी नीटनेटकी कंपनी चारित्र्य पडताळणीचा दाखला मागते. सुरक्षारक्षक ठेवणारी एजन्सीही मागते.

वऱ्हाडातला बहुतेक रोजगार मात्र दाखला मागतच नाही. सकाळी मजुरांच्या ठिय्यावर जाऊन उभे राहावे. घमेली, थाप्या, डब्याच्या पिशव्या घेऊन बायामाणसे बसलेली असतात. ठेकेदार मोटारसायकल बंदही न करता विचारतो, “कोन्या गावचा? काय काम येते? रोज किती घेशीन?” तीन प्रश्न. त्यातल्या पहिल्याला सुटलेला माणूस खोटे उत्तर देतो. दर्यापूरकडचा असला तर वाशीमकडचे गाव सांगतो. दुपारपर्यंत तो कुठल्या तरी स्लॅबवर गिट्टी-रेती वाहत असतो. ठिय्यावर जमले नाही तर वीटभट्टी आहे, दिवाळीनंतर अकोल्याकडच्या जिनिंगा सुरू होतात, वरुड-मोर्शीत संत्र्याचा तोडा निघतो, बागेला राखणदार लागतो. खारपाणपट्ट्यातला असेल तर त्याला हे नवे नाही. तिथे एका पिकानंतर शेतात काम उरत नाही आणि निम्मे गाव तसेही बाहेरच असते. अनोळखी माणसाला सामावून घ्यायची या बाजाराला सवय आहे.

युरोप-अमेरिकेतले या विषयावरचे लेखन वाचताना इथे थबकावे लागते. तिकडची मुख्य अडचण अशी, की मालकाला सगळे कळते आणि म्हणून तो काम देत नाही. आपल्याकडे मालकाला काहीच कळत नाही, म्हणून काम मिळते. वरवर पाहता हे बरे वाटेल: पोट भरले, माणूस मार्गी लागला. पण दडवून मिळणारे हे काम कुठे असते ते पाहा. वीटभट्टीवर अख्खी कुटुंबे मुक्कामाला असतात. आईबाप विटा थापतात आणि चार-पाच वर्षांच्या पोरी पालाशी एकट्या असतात. बांधकामावरच्या झोपड्यांना दार नसते. जिनिंगच्या आवारात बाया तान्ह्या-लहान्यांना घेऊन येतात. बागेतला राखणदार रात्री एकटा, आणि शेजारच्या शेतात मेळघाटातून मजुरीला उतरलेल्यांचा मुक्काम. ज्या माणसाला शाळेच्या फाटकाआत कामाला घेतले जाऊ नये म्हणून नियम पडताळणी मागतो, तोच माणूस ज्यांच्या नशिबी शाळा नाही अशा लेकरांमध्ये आपण आणून सोडतो. ही लेकरे गरिबाची आहेत म्हणून हे कोणाच्या ध्यानात येत नाही. मला या सगळ्यात सर्वांत जास्त राग याचा येतो.

शिवाय दडवून मिळालेले काम टिकत नाही. गावाकडचा कोणी ठिय्यावर दिसला, की दुसऱ्या दिवशी हा गायब. पुन्हा नवे गाव, नवे नाव, नवी भट्टी. ज्याला कोणी ओळखत नाही त्याच्यावर कोणाची नजर नसते आणि ज्याच्यावर नजर नाही त्याला कोणाची लाजही उरत नाही.

मग नावे जाहीर करा, फोटो चौकात लावा, अशी मागणी होते. रागाच्या भरात ती समजण्यासारखी आहे. अमेरिकेत १९९४ साली न्यू जर्सीत एका सात वर्षांच्या मुलीच्या हत्येनंतर शेजाऱ्यांना कळवण्याचा कायदा झाला आणि १९९६ मध्ये तो देशभर लागू झाला. जे. जे. प्रेस्कॉट आणि जोना रॉकॉफ या दोघा अभ्यासकांनी तिथल्या १५ राज्यांची आकडेवारी तपासली, त्यांचा निबंध २०११ मध्ये आला. त्यांना दिसले ते असे, की पोलिसांकडे नोंद असली तर गुन्हे कमी होतात, विशेषतः ओळखीच्यांवर होणारे. मात्र तीच नोंद सगळ्या जगाला खुली केली, की नोंद झालेल्यांचे पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण वाढण्याकडे कल दिसतो. घर नाही, काम नाही, बोलायला माणूस नाही, मग गमावण्यासारखेही काही नाही. भारताने २० सप्टेंबर २०१८ रोजी लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. तेव्हाच तिच्यात सुमारे चार लाख चाळीस हजार नोंदी होत्या आणि ती फक्त तपास यंत्रणांना पाहता येते. माझ्या मते हे योग्यच झाले.

चौकातल्या यादीने काय होते, हे वऱ्हाडाला अमेरिकेकडून शिकायची गरज नाही. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी कितीतरी जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. १९५२ मध्ये तो शिक्का कागदावरून पुसला, तरी आमच्याकडे चोरी झाली की पोलीस आजही आधी पारध्यांच्या बेड्यावर जातात. पारध्यांचा गुन्हा काहीच नव्हता आणि इथे गुन्हा सिद्ध झालेला आहे, हा फरक डोंगराएवढा आहे, तो मी विसरत नाही. पण उघडा शिक्का माणसाला अंधाराकडे कसा ढकलतो, एवढे त्यातून कळते.

शिक्षा झालेले सगळे एकाच मापाचे नसतात, हेही इथेच सांगितले पाहिजे. कारागृहात ‘तीनशे शहात्तरवाला’ म्हटले, की विषय संपतो; खुनाच्या बंद्यालाही आत एक मान असतो, याला नसतो. पण पुतणीवर वर्षानुवर्षे हात टाकणारा काका, टोळक्यात सामील झालेला पोरगा आणि सतरा वर्षांच्या मुलीसोबत पळून गेलेला एकोणीस वर्षांचा मुलगा, या तिघांपासूनचा धोका एकसारखा नाही. १४ नोव्हेंबर २०१२ ला पोक्सो लागू झाला आणि संमतीचे वय अठरा झाले. एन्फोल्ड या संस्थेने महाराष्ट्र, आसाम आणि पश्चिम बंगालमधले २०१६ ते २०२० चे ७,०६४ निकाल पाहिले. त्यांतले १,७१५, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा, प्रेमप्रकरणाचे होते. मेळघाटात दवाखान्यात बाळंतपणासाठी आलेल्या मुलीचे वय कमी निघाले, की कळवणे डॉक्टरला बंधनकारक आहे आणि नवरा म्हणून सोबत आलेला पोरगा आरोपी होतो. मे २०२५ मध्ये पश्चिम बंगालच्या अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवून शिक्षा मात्र भोगायला लावली नाही, कारण तसे केल्याने त्या मुलीचाच संसार मोडला असता. याच्या आधाराने बालविवाहाला कोणी पाठीशी घालू नये. मुद्दा एवढाच, की अशा पोराला संत्र्याच्या बागेत ठेवायला भीती बाळगण्याचे कारण नाही आणि त्या काकाला जिनिंगच्या आवारात ठेवताना मात्र शंभरदा विचार करावा लागेल. हा निवाडा कोणी तरी केला पाहिजे, आणि आज तो कोणीही करत नाही.

काम दिल्याने फरक पडतो का? कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ कार्ल हॅन्सन आणि त्यांच्या सहकारी मोनिक ब्युसिएर यांनी १९९८ मध्ये ६१ अभ्यास एकत्र करून पाहिले. चार-पाच वर्षांच्या काळात पुन्हा लैंगिक गुन्हा केल्याचे आढळलेल्यांचे प्रमाण १३.४ टक्के निघाले. हे पकडले गेलेल्यांचे प्रमाण आहे, खरे प्रमाण त्याहून जास्त असणार. तरीही ‘हे लोक सुधारतच नाहीत’ हा समज त्यात टिकत नाही. मिनेसोटातल्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्थिर नोकरी आणि न्यायालयाने लावलेले उपचार या दोन्ही गोष्टी असलेल्यांनी पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण कमी आढळले. दोन्ही, हे महत्त्वाचे. नुसत्या रोजगाराने लैंगिक गुन्हा थांबतो असे कोणी सांगत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. गुन्हा करताना यांतल्या अनेकांच्या हाताला काम होतेच.

उपचाराच्या बाबतीत आपली पाटी जवळजवळ कोरी आहे. मधुमिता पांडे यांनी आपल्या संशोधनासाठी तिहार कारागृहात बलात्काराच्या शंभराहून अधिक बंद्यांशी संवाद साधला. बहुतेकांना आपण चूक केली असे वाटतच नव्हते, संमती म्हणजे काय हेच अनेकांना उमगलेले नव्हते. दहा वर्षे सुतारकाम शिकलेला माणूस उत्तम कपाट करेल, पण त्या दहा वर्षांत त्याच्याशी त्याच्या गुन्ह्याबद्दल कोणी एकदाही बसून बोलले नसेल, तर तो आत गेला तसाच बाहेर येतो. शिवाय २०१८-१९ च्या दुरुस्त्यांनी किमान शिक्षा दहा वर्षांवर आणि अनेक प्रकारांत वीस वर्षांवर नेल्या आहेत. आज सुटतात ते बरेचसे त्याआधीच्या कायद्याखालचे. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत सुटणारे पन्नाशीकडे झुकलेले असतील, ओझी वाहायची ताकद गेलेली आणि आत वीस वर्षे कोणी न बोललेले.

१९९४ मध्ये कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात एक प्रयोग सुरू झाला, तो मला आपल्या मातीला जवळचा वाटतो. लेकरांवर वारंवार अत्याचार केलेला एक माणूस पूर्ण शिक्षा भोगून सुटला. गाव पेटले. हॅरी नाय नावाच्या मेनोनाइट धर्मगुरूंनी चार-पाच जणांना गोळा केले. त्यांनी त्याला रोज भेटायचे, बाजारहाटाला सोबत करायची आणि तो कुठे जातो, काय करतो हे रोखठोक विचारायचे, असे ठरले. त्यांच्यापासून त्याचे काहीही लपलेले नव्हते. तो माणूस मरेपर्यंत त्याच्याकडून पुन्हा तसा गुन्हा घडल्याची नोंद नाही. पुढे या मंडळांचा इंग्लंड-अमेरिकेत प्रसार झाला आणि मिनेसोटात चिठ्ठ्या टाकून दोन गट करून घेतलेल्या चाचणीतही मंडळ मिळालेल्यांना पुन्हा अटक होण्याचे प्रमाण पुष्कळच कमी निघाले. पंचांपुढे बसून विचारपूस करणे वऱ्हाडातल्या गावाला नवे नाही. फक्त ते पंच गुन्हेगाराचे भाऊबंद नकोत.

कैद्यांच्या पुनर्वसनाची महाराष्ट्राकडे मोठी परंपरा आहे. १९३९ मध्ये औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत केली, व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आंखें बारह हाथ’ त्यावरूनच सुचला. पण त्या चित्रपटातले सहाही कैदी खुनी आहेत. रागाच्या भरात कुऱ्हाड चालवलेल्या माणसासाठी आपले मन द्रवते, लैंगिक गुन्हेगारासाठी तशी कथा कोणी रचली नाही, आणि रचू नये हेच बरे. १५ ऑगस्ट २०२२ ला बिल्किस बानो प्रकरणातल्या अकरा जणांना गुजरातमध्ये मुदतीआधी सोडले, तेव्हा त्यांचे हार घालून, पेढे भरवून स्वागत झाले. ८ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली. त्या हारांमध्ये आणि भर चौकातल्या दगडांमध्ये एक गोष्ट सारखीच आहे: दोन्हीकडे त्या बाईचा विचार कोणाच्या मनात नसतो.

हे काम करायचे कोणी? जिल्हा परिविक्षा अधिकारी आहेत, पण त्यांच्या टेबलावर बालगृहांपासून बालविवाहांपर्यंत सगळे असते. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून बंद्यांसोबत काम करतो. अमरावतीत ‘वऱ्हाड’ ही संस्था बंदी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी झटते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मनोधैर्यचे अर्जही येतात आणि बंद्यांची विधी मदतही तिथूनच चालते. दोन्ही बाजूंची माहिती असलेले एवढे एकच कार्यालय जिल्ह्यात आहे, म्हणून सुरुवात तिथून व्हावी असे मला वाटते.

मालकांसाठी पुढे एक स्वतंत्र प्रकरण आहे. अकोल्यातला दालमिलवाला किंवा वरुडचा बागायतदार आज नकळत अशा माणसाला ठेवतोच. तो कळून ठेवेल तर काय अटी घालाव्यात, हे त्यात तपशीलवार दिले आहे. गुन्हा काय होता हे मालकाला आणि एका मुकादमाला माहीत असावे, सगळ्या मजुरांना नव्हे. दिवसपाळीच द्यावी. आवारात मुक्काम नको. मजुरांची कुटुंबे राहतात त्या बाजूला काम नको. पगार बँकेत जावा, म्हणजे गैरहजेरीची नोंद राहते. आठवड्याला एकाच ठरलेल्या माणसाचा फोन यावा, आणि हा दोन दिवस दिसला नाही तर मालकाने त्या फोन करणाऱ्याला कळवावे. कामावर ठेवण्याआधी तिच्या गावाचे नाव विचारून घ्यावे आणि त्या बाजूच्या गाडीवर याला कधी पाठवू नये.

पुस्तकाचे पहिले प्रकरण सुटलेल्या माणसाचे नाही. ते त्याची सुटका व्हायच्या सहा महिने आधी तिच्या घरी जाऊन काय विचारावे, कोणी विचारावे आणि ती ‘मला काही बोलायचे नाही’ म्हणाली तर कसे उठून यावे, याबद्दल आहे.